सात तास, बर्फात दहा

शिकागोच्या कॉलेजात आम्हाला फिरवणारा कीगन नावाचा पोरगा
सबंध वेळ उलटा चालत होता.
तोंड आमच्याकडे, पाठ पुढे,
पायऱ्या आल्या तरी नजर न वळवता
सांगत होता : परदेशी शिकायला बेचाळीस देश, बेचाळीस!
मी त्याच्या टाचांकडेच बघत राहिलो.
तेवीस हिवाळे रस्त्यावरचा बर्फ नांगरलाय मी,
मागे न बघता मागे जाणाऱ्याची
धास्ती वाटते.

हेल्मीनं हात वर केला.
भूगर्भशास्त्राची किती मुलं गेली गेल्या वर्षी?
कीगन पहिल्यांदाच थांबला.
विचारून सांगतो, म्हणाला.
अजून सांगायचाय.

दुसरं कॉलेज सरोवराच्या काठी, घरापासून दोन तास.
तिथं परदेशाची कचेरी म्हणजे
जिन्याखालची खोली, भिंतभर नकाशा
आणि टाचण्यांची डबी मांडीवर घेऊन बसलेली बाई.
नकाशावर अकरा टाचण्या.
'अकरा गेली,' ती म्हणाली, 'दोघं महिन्यात परत आली.
एकाला जेवण मानवेना, एकीला रविवार.'
रविवार न मानवणं म्हणजे काय,
ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
हॅनकॉकात राहणाऱ्याला कळतं ते.

घरी टेबलावर हेल्मीचा कागद, पेन्सिलीनं आखलेला.
फी. कर्ज. प्रयोगशाळा.
शेवटची बस किती वाजता.
खोलीची खिडकी कशावर उघडते :
शिकागोत समोरच्या खिडकीवर,
काठावर नुसत्या पाण्यावर, आणि पाणी दिसेनासं झालं की पांढऱ्यावर.
टोकाचा एक रकाना खोडलेला.
दिव्यासमोर धरून वाचला मी.
घर : सात तास, बर्फात दहा.
बर्फातले तास वेगळे मोजलेत.
माझीच पोर.

जवळचं बरं, म्हणायला मी तोंड उघडलं
तेवढ्यात डोना रात्रपाळीहून आली, बूट हातात,
आणि माझ्याकडे असं बघितलं की
वाक्य कॉफीबरोबर गिळलं.

मग हेल्मीच म्हणाली, मला ट्रॉम्सोला जायचंय.
तिसऱ्या वर्षी. नॉर्वेत, पार वर.
अख्ख्या जगात ऊन असलेली गावं काय थोडी आहेत?
तिथं दोन महिने सूर्य उगवत नाही गं, मी म्हणालो.
'आपल्याकडे तरी कुठे उगवतो?'
डोना हसली. मला हसू यायला वेळ लागला.

बर्फाला भोकं पाडायची आहेत तिला.
नळीएवढा बर्फ खोलवरून उपसायचा,
थर मोजायचे, कोणत्या वर्षी किती पडला,
कोणत्या वर्षी कुठल्या ज्वालामुखीची राख उडत आली,
आणि तो वितळू नये म्हणून जिवापाड जपायचा.
मी तेवीस वर्षं जो कडेला ढकलतोय, तोच.

शिकागोच्या बेचाळिसांत नॉर्वे आहे,
पण तिसऱ्या वर्षी तिथली प्रयोगशाळा मुलांना सोडत नाही;
हे कागदावर बारीक अक्षरात होतं, हेल्मीनंच शोधलं.
ट्रॉम्सोची टाचणी जिन्याखालच्या नकाशावर होती.
लाल. जरा वाकडी.
म्हणजे मला हवं होतं तेच झालं,
दोन तासांवरचं कॉलेज,
आणि त्याच्याच मागच्या दारातून
तास मोजता येणार नाहीत इतकं लांब.

अजून ठरलेलं नाही.
दोन्ही पत्रं फ्रिजवर आहेत, एकाच चुंबकाखाली.
एक मेपर्यंत मुदत आहे. एक मेला आमच्याकडे
बर्फ पडूही शकतो.

आज पहाटे चारला गाडी काढली.
खाणीच्या रस्त्यावर कोणी नव्हतं.
रात्रीचा थर, त्याखाली परवाचा,
त्याखाली मिठाचा करडा पट्टा : दिव्यात सगळं दिसत होतं,
इतकी वर्षं दिसतच असणार.
पातं बोटभर वर उचललं
आणि तसाच गेलो वळणापर्यंत.
तक्रार येईल.
येऊ दे.